हिरवळीवरचे मूळ रहिवासी

पेढी आणि बाजारपेठ यांतच ज्यांचे आयुष्य गेले, त्या पिढीला गोल्फ हा साहेबांचा खेळ वाटत असे. आज पुण्या-मुंबईकडच्या अनेक व्यापारी घरांतील तरुण रविवारी पहाटे गोल्फच्या मैदानावर दिसतात. कुणाला तिथे व्यवसायातील ओळखी मिळतात, कुणाला डॉक्टरांनी चालण्याचा सल्ला दिलेला असतो, तर कुणाला आठवडाभराच्या धावपळीनंतर चार घटका शांतता हवी असते. या खेळात झटापट नाही, प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर जाणे नाही. आपला चेंडू आणि आपली एकाग्रता, एवढाच मामला. त्यामुळे अहिंसेचे संस्कार जपणाऱ्या घरांनाही हा खेळ निरुपद्रवी वाटतो.

परंतु हा खेळ ज्या भूमीवर चालतो, ती भूमी रिकामी नसते. अठरा होलचे मैदान साधारणपणे सव्वाशे ते दीडशे एकरांवर पसरलेले असते. त्यात तळी असतात, वाळूचे खड्डे असतात, उंच गवत असते, जुनी झाडे असतात. शहर चोहीकडून वाढत गेले की असे मैदान हे त्या परिसरातील पशुपक्ष्यांचे शेवटचे आश्रयस्थान ठरते. रात्री तिथे माणूस नसतो, पाणी मात्र असते आणि कोवळे गवतही असते. खेळाडू पहाटे येतो, चार तासांत सात-आठ किलोमीटर चालतो आणि निघून जातो. उरलेला सारा वेळ ती जागा इतर जीवांची असते. म्हणून त्यांची गाठ पडणे अटळच आहे. गाठ पडल्यावर माणसाने कसे वागावे, हा खरा प्रश्न आहे.

नियमपुस्तकातील प्राणी

गोल्फच्या नियमपुस्तकाने हा प्रश्न फार पूर्वीपासून गंभीरपणे घेतला आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथील ‘आर अँड ए’ आणि अमेरिकेची गोल्फ संघटना या दोन संस्था मिळून हे नियम ठरवतात. एखाद्या प्राण्याने स्थिर असलेला चेंडू हलवला अथवा उचलून नेला, तर खेळाडूला दंड होत नाही. चेंडू मूळ जागी ठेवून खेळ पुढे चालू राहतो. ग्रीनवर हलकेच ढकललेला चेंडू मध्येच आलेल्या एखाद्या प्राण्याला चुकून लागला, तर तो फटका रद्द होतो आणि पुन्हा खेळावा लागतो.

त्याहून महत्त्वाचा नियम १६.२ आहे. विषारी साप, मधमाश्या, मगर, अस्वल, चावऱ्या मुंग्या अशा प्राण्यांमुळे चेंडू आहे तिथून खेळणे जिवावर बेतणारे असेल, तर खेळाडूने दंडाशिवाय सुरक्षित जागी सरकावे, अशी तरतूद त्यात आहे. या नियमाची रचना लक्षात घेण्याजोगी आहे. सापाला तिथून हुसकावून लावा, असे नियम सांगत नाही. साप आपल्या जागी राहतो. सरकायचे असते ते खेळाडूने.

१९९८ साली अमेरिकेतील ‘द प्लेयर्स चॅम्पियनशिप’ या प्रतिष्ठेच्या स्पर्धेत सतराव्या होलवर एक प्रसंग घडला. चारही बाजूंनी पाण्याने वेढलेल्या ग्रीनवर ब्रॅड फेबल या खेळाडूचा चेंडू येऊन थांबला होता. एक समुद्रपक्षी उतरला, त्याने चोचीने चेंडू उचलण्याचा प्रयत्न केला, तो एकदोनदा निसटला, अखेर तो घेऊन पक्षी उडाला आणि चेंडू पाण्यात पडला. फेबल यांना दंड झाला नाही. चेंडू मूळ जागी ठेवून त्यांनी खेळ पुढे नेला. कॅनडाच्या उत्तर टोकाकडील यलोनाइफ येथे तर डोमकावळे चेंडू पळवतात, हे इतके नित्याचे आहे की तेथील क्लबने त्यासाठी वेगळा स्थानिक नियमच केलेला आहे. युगांडातील जिंजा येथे, जिथे व्हिक्टोरिया सरोवरातून नाईल नदी बाहेर पडते, पाणघोड्याच्या पावलाच्या खड्ड्यात चेंडू अडकला तर तो दंडाशिवाय बाहेर काढता येतो.

आपल्या देशातील आख्यायिका याहून रसाळ आहे. १८२९ साली स्थापन झालेला रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब हा भारतातील सर्वांत जुना गोल्फ क्लब. तेथील माकडे चेंडू उचलून भलतीकडे टाकत, असे सांगतात. साहेबांनी कुंपण उंच केले, माकडांना हुसकावले, पकडून दूर नेले. काही उपयोग झाला नाही. शेवटी ठरले की माकड चेंडू जिथे टाकेल तिथूनच तो खेळायचा. आजच्या नियमांत ही पद्धत बसत नाही आणि मूळ घटनेचा कागदोपत्री पुरावाही कुणी दाखवत नाही. तरीही ही कथा व्यवस्थापनाच्या वर्गांतून आवर्जून सांगितली जाते. व्यापारात तेजी-मंदी पाहिलेल्या घरांना तिचे मर्म सांगावे लागत नाही. जे आपल्या हाती नाही त्यावर त्रागा न करता समभावाने पुढे जाणे, हीच ती शिकवण.

जिथे कुंपणच नाही

दक्षिण आफ्रिकेतील क्रूगर राष्ट्रीय उद्यानात स्कुकुझा येथे १९७२ साली उद्यानातील कर्मचाऱ्यांसाठी नऊ होलचे एक मैदान तयार झाले. त्याला आजही कुंपण नाही. हरणे, रानडुकरे मैदानावर चरत असतात, पाणघोडे शेजारच्या तळ्यात असतात. खेळायला येणाऱ्याला आधी जबाबदारीच्या कागदावर सही करावी लागते. हत्ती किंवा सिंह मार्गात आला, तर खेळ थांबतो. प्राणी आपल्या सवडीने निघून जातो. मग खेळ पुढे सुरू होतो. घाई असणाऱ्या माणसाचे ते मैदान नव्हेच.

ऑस्ट्रेलियातील अँगलसी येथे कांगारूंचे कळप मैदानावर निवांत पहुडलेले असतात आणि खेळाडू त्यांना वळसा घालून जातात. त्याच देशात ब्रिस्बेनजवळील कारब्रुक येथील कथा तर अद्भुत आहे. १९९०च्या दशकात नदीला मोठे पूर आले आणि बुल शार्क जातीचे काही मासे मैदानातील तळ्यात शिरले. पाणी ओसरले, वाट बंद झाली आणि ते तिथेच अडकले. पुढे सुमारे सतरा वर्षे ते त्या तळ्यात राहिले. असे भयंकर समजले जाणारे मासे तळ्यात असताना त्यांना मारून टाकावे, असे कुणालाही सुचले असते. क्लबने त्यांना आपली ओळख बनवले आणि त्यांच्या नावाने स्पर्धाही भरवल्या. पाण्यात पडलेला चेंडू काढायला मात्र कुणी उतरत नसे! शत्रू मानलेल्या जिवाशेजारी राहण्याची सवय माणसाला लागू शकते, एवढे त्यातून निश्चित दिसते.

मोर, कोल्हे, गवे आणि टिटवी

आपल्याकडे दिल्ली गोल्फ क्लबचे मैदान जुन्या कबरी-घुमटांच्या सान्निध्यात आहे आणि तिथे मोर मुक्तपणे फिरतात. पावसाळा सरत आला की मोराची लांब पिसे आपोआप गळू लागतात. जैन समाजाला या पिसांचे मोल वेगळे सांगायला नको. दिगंबर मुनी आणि आर्यिका यांच्या हातातील पिच्छी अशाच गळून पडलेल्या पिसांची असते. हलकी, मऊ, धूळ न धरणारी आणि सूक्ष्मातील सूक्ष्म जीवालाही इजा न करणारी. श्वेतांबर परंपरेतील लोकरीचे रजोहरणही याच भावनेतून आले आहे. ज्या पक्ष्याने आपल्या साधूंना जीवरक्षेचे साधन दिले, तो समोरून जात असताना दोन मिनिटे थांबणे हे श्रावकाला जड वाटू नये.

कोलकात्याच्या ऐन वस्तीत टॉलीगंज क्लबच्या झाडीत कोल्हे राहतात. संध्याकाळ झाली की त्यांची कोल्हेकुई शहराच्या गोंगाटातही ऐकू येते. तमिळनाडूतील कोडाईकनाल येथे गोल्फच्या मैदानावर गवे चरायला येतात. कोल्हापूरकडील वाचकांना राधानगरीमुळे गवा अनोळखी नाही. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन हजार किलोंच्या घरात जाऊ शकते, पण स्वभावाने हा प्राणी भित्रा असतो. त्याला वाट मोकळी मिळाली तर तो निघून जातो. वाट अडली तरच तो उधळतो.

डिसेंबर २०२० मध्ये पुण्यातील कोथरूड परिसरात एक गवा भरवस्तीत शिरला. त्याला पाहायला प्रचंड गर्दी लोटली. आरडाओरडा झाला, माणसे मागे धावली, मोबाइलवर चित्रीकरण सुरू झाले. घाबरलेले ते जनावर जिवाच्या आकांताने गल्लीबोळांतून पळत राहिले, जखमी झाले. बेशुद्धीचे इंजेक्शन देऊन त्याला पकडण्यात आले, पण त्याच दिवशी त्याचा मृत्यू झाला. त्या गर्दीतील एकाही माणसाला त्याचा जीव घ्यायचा नव्हता. कुतूहलाने जीव जातो, हे त्या दिवशी पुण्याने पाहिले.

या मोठ्या प्राण्यांपेक्षा गोल्फच्या मैदानावर सर्वाधिक धोक्यात असते ती साधी टिटवी. मार्च ते ऑगस्ट हा तिच्या विणीचा मुख्य काळ. ती झाडावर घरटे बांधत नाही. उघड्या जमिनीवर चार खडे गोळा करून त्यांतच ती बहुधा चार अंडी घालते. अंड्यांचा रंग मातीसारखा असल्याने ती पावलाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. कुणी जवळ आले की टिटवी ओरडत डोक्यावर घिरट्या घालते. आपल्याकडे तिचे ओरडणे अशुभ मानण्याची समजूत आहे. खरे तर ती पोटच्या पिल्लांसाठी विनवत असते. ‘टिटवी देखील समुद्र आटविते’ असे म्हणणाऱ्या मराठी माणसाने तिच्या त्या विनवणीचा अर्थ ओळखायला हवा. ती ओरडू लागली की पुढचे पाऊल जपून टाकावे आणि घरट्याची जागा माळ्याला दाखवावी. चार आठवड्यांपुरती त्या जागेभोवती दोरी बांधली, तर खेळाचे काहीच बिघडत नाही.

चूक आणि संकल्प

गोल्फचा चेंडू जेमतेम ४६ ग्रॅमचा असतो, पण कसलेल्या खेळाडूचा पहिला फटका ताशी अडीचशे किलोमीटरहून अधिक वेगाने जातो. त्याच्या मार्गात पक्षी आला तर त्याचे काय होते, ते सांगायला नको. असे अपघात घडतात. जैन दर्शनाने अशा वेळी बाह्य परिणामासोबत मनाची अवस्थाही तपासायला सांगितली आहे. हिंसेचे मूळ प्रमादात आहे. जो सावध होता, ज्याने पाहूनच फटका मारला, त्याच्या हातून घडलेला अपघात आणि बेफिकिरीने घडलेला घात यांत अंतर आहे. संकल्प करून केलेली हिंसा तर श्रावकासाठी सर्वथा त्याज्यच.

डिसेंबर २००७ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडात एक व्यावसायिक गोल्फपटू प्रशिक्षणाची चित्रफीत तयार करत होता. जवळच्या झाडावर एक शिकारी पक्षी ओरडत होता आणि त्यामुळे चित्रीकरणात व्यत्यय येत होता. चिडून त्याने त्या पक्ष्याच्या दिशेने एकामागून एक चेंडू मारले. एक चेंडू लागला आणि पक्षी मरण पावला. पुढील वर्षी त्याच्यावर खटला चालला. त्याला दंड झाला आणि काही काळ न्यायालयाच्या देखरेखीखाली राहावे लागले. ज्या नियमपुस्तकाच्या आधारे तो उपजीविका करत होता, त्यात चेंडू नेणाऱ्या पक्ष्यालाही दोष दिलेला नाही. या माणसाला मात्र पक्ष्याचा आवाजही सोसवला नाही. क्रोधाचा एक क्षण किती दूर नेतो, हे त्यातून दिसते.

आसामातील भिंत

एका माणसाच्या क्रोधाने एक पक्षी गेला. माणसे संघटितपणे, कागदोपत्री आणि शांत डोक्याने निर्णय घेतात, तेव्हा काय घडते, हे आसामात दिसले. गोलाघाट जिल्ह्यातील नुमालीगड येथे तेलशुद्धीकरण प्रकल्पाची वसाहत वाढवायची होती आणि तिथे गोल्फचे मैदानही करायचे होते. त्यासाठी देवपहाडच्या जंगलालगत दोन किलोमीटरहून लांब भिंत उभारण्यात आली. ही जागा हत्तींच्या नेहमीच्या वाटेवर होती. काझीरंगाच्या परिसरात नवी बांधकामे होऊ नयेत, म्हणून केंद्र सरकारने १९९६ साली जो पट्टा राखून ठेवला होता, त्यातच ती भिंत येत होती.

हत्तीला नकाशा वाचता येत नाही. त्याच्या आजीने दाखवलेली वाट त्याला ठाऊक असते. कळप त्या भिंतीपाशी येऊन थांबू लागले, तिला धडका देऊ लागले. २०१५ मध्ये भिंतीजवळ एक तरुण नर हत्ती मृत आढळला. भिंत पाडण्याच्या प्रयत्नात झालेल्या रक्तस्रावाने तो दगावल्याचे तेव्हा सांगण्यात आले. प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापुढे गेले. २०१६ मध्ये लवादाने भिंत पाडण्याचा आदेश दिला. त्याविरुद्धचे अपील जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळले. जंगलावर पहिला हक्क हत्तींचा आहे आणि हत्ती काही ठरलेल्या रस्त्याने कचेरीत जात नाहीत, अशा आशयाचे उद्गार न्यायालयाने त्या वेळी काढले.

व्यापारी समाजाने या घटनेकडे विशेष लक्ष द्यावे, असे तिच्यात बरेच आहे. भिंत बांधणाऱ्यांपैकी कुणी हत्तीवर शस्त्र उगारले नव्हते. एक आराखडा मंजूर झाला, एक निविदा निघाली, विटा रचल्या गेल्या. उद्योगात काही हिंसा अटळ असते, हे जैन आचारशास्त्राने मान्य केले आहे. गृहस्थाच्या अणुव्रतांना त्यामुळेच अर्थ आहे. त्याच आचारशास्त्राने अनर्थदंडही त्याज्य ठरवला आहे. ज्या हिंसेवाचून आपले काहीच अडत नाही, ती अनर्थदंडात येते. मनोरंजनाचे मैदान हत्तीच्या वाटेवरच असावे, अशी कोणती गरज होती? आज आपल्या समाजातील अनेक कुटुंबे जमिनीच्या व्यवहारात, गृहप्रकल्पांत, रिसॉर्टच्या उभारणीत आहेत. कुंपण घालण्यापूर्वी त्या जागेवरून कोण ये-जा करते, हे विचारणे हाही आता जीवदयेचा भाग मानला पाहिजे. पांजरपोळासाठी दिलेल्या देणगीने एका भिंतीचा हिशेब पुरा होत नाही.

खेळणाऱ्या श्रावकाचा विवेक

साधूंनी चार हात पुढची जमीन पाहून चालावे, अशी ईर्यासमितीची मर्यादा आहे. गृहस्थाला ती पूर्णपणे पाळणे शक्य नाही आणि हिरवळीवर खेळताना तर नाहीच. तरी तिचा अंश पाळता येतो. चातुर्मासात साधू विहार थांबवतात, कारण त्या दिवसांत जमिनीवर जीवांची दाटी असते. गांडुळे, बेडूक, गोगलगाई, सापांची पिल्ले, सारे त्याच काळात गवतात असतात. त्या चार महिन्यांत मैदानावरील खेळ कमी करणे, निदान आखलेल्या वाटेनेच चालणे, हा नियम कुणीही घेऊ शकतो.

खेळाडूंनी आणि त्यांच्यासोबत जाणाऱ्या मुलांनी आणखी काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

बिळात किंवा दाट गवतात गेलेला चेंडू हाताने चाचपून काढू नये. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप महाराष्ट्रात आढळतात. साप दिसला तर अंतर राखून थांबावे आणि सर्पमित्राला बोलवावे. बहुतेक वेळा ती निरुपद्रवी धामणच असते. दंश झालाच, तर अंगठी-घड्याळ काढावे, तो अवयव हलवू नये आणि थेट रुग्णालय गाठावे. जखम कापणे, चोखणे किंवा करकचून बांधणे घातक ठरते.

झाडावर आग्या मोहोळ असेल, तर त्या दिशेने फटका मारू नये. माश्या उठल्याच, तर हात न झटकता चेहरा झाकून बंद गाडीत किंवा खोलीत जावे.

बिबट्या, गवा किंवा कोल्हा दिसल्यास पळू नये, पाठलाग करू नये, छायाचित्रासाठी पुढे जाऊ नये. पाठ न वळवता सावकाश मागे यावे. महाराष्ट्रात वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवता येते.

माकडांना आणि मोरांना खाऊ घालू नये. आपल्या घरांत भूतदयेपोटी दाणे-चणे टाकण्याची सवय असते. वन्य प्राण्याला माणसाच्या हातचे खाण्याची चटक लागली की तो पिशव्या ओढू लागतो, मग त्याच्यावर काठ्या पडतात. ती दया अखेर त्याच्याच अंगावर उलटते.

फटका मारण्यापूर्वी समोरच्या मार्गात पक्ष्यांचा थवा बसला असेल, तर तो उठेपर्यंत थांबावे. मागच्या खेळाडूंना घाई असेल, तर त्यांना कारण सांगावे. क्लबचे सभासदत्व असेल, तर बैठकीत दोन प्रश्न जरूर विचारावेत: गवतावर कोणती कीटकनाशके फवारली जातात, आणि कुंपणाखालून छोट्या प्राण्यांना जायला वाट ठेवली आहे का?

गोल्फ खेळणारा माणूस आपला हिशेब स्वतःच लिहितो. या खेळात प्रत्येक फटक्यामागे पंच उभा नसतो. किती फटके लागले, हे खेळाडूने स्वतः प्रामाणिकपणे नोंदवायचे असते. सचोटीची वही ठेवणाऱ्या व्यापारी घरांना ही रीत जवळची वाटेल. त्याच वहीत आणखी एक रकाना असावा. आज आपल्या पावलाखाली, चेंडूखाली किंवा भिंतीखाली कुणी आले का, हे संध्याकाळच्या प्रतिक्रमणात ज्याला आठवून पाहता येईल, त्याने खुशाल खेळावे.